निळ्या दिव्याची खिडकी

बिस्किटांच्या कारखान्यात किडे मोजायला माणूस ठेवलेला असतो, असं बाहेर सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. आणि एकदा खरं वाटलं की ते हातातलं बिस्किट हळूच बशीत परत ठेवतात. म्हणून मोजणीबाई आपलं काम चारचौघांत सांगत नसत. कुणी विचारलंच तर "ऑफिसात असते" म्हणत. ते काही अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या टेबलाला ड्रॉवर होता.

काम सरळ होतं. कारखान्यात नऊ ठिकाणी भिंतीवर निळ्या ट्यूबचे डबे बसवलेले होते. किडा उजेडाकडे येतो, आतल्या चिकट कागदाला चिकटतो आणि मग कुठे जात नाही. दर सोमवारी सकाळी मोजणीबाई छोटी शिडी घेऊन निघायच्या, नऊही कागद काढायच्या, नवे लावायच्या आणि जुने टेबलावर पसरून भिंगाखाली मोजायच्या. माश्या वेगळ्या, चिलटं वेगळी, पतंग वेगळे. किडा अर्धाच असला तर डोक्याकडचा अर्धा धरायचा, शेपटाकडचा सोडून द्यायचा, नाहीतर एकच किडा दोनदा मोजला जातो. हा नियम त्यांनी स्वतः केला होता आणि अकरा वर्षांत त्याविरुद्ध कुणी ब्र काढला नव्हता. खरं सांगायचं तर अकरा वर्षांत तो कुणी वाचलाच नव्हता.

त्यांना या कारखान्यात आणलं भाऊजींनी. भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, पॅकिंग हॉलचा मुकादम. एकोणतीस वर्षं त्याच हॉलमध्ये, खांद्यावर तेच फडकं. माणूस बोलायला बेताचा. ताई अजून सांगते की लग्न ठरवायला हे घरी आले तेव्हा दोन तासांत एकच वाक्य बोलले, आणि ते होतं, "पंखा जरा कमी करू का?" पण मोजणीबाईंची आधीची नोकरी गेली तेव्हा, कुणी काही न सांगता, हेच भाऊजी सकाळी सायकल घेऊन दारात उभे राहिले होते आणि त्यांना कारखान्याच्या गेटपर्यंत सोडून आत जाऊन साहेबांशी बोलले होते. काय बोलले ते आजवर कळलं नाही. चार शब्दांपेक्षा जास्त नसणार.

तर दहा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवे मॅनेजर आले.

मॅनेजरसाहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यांना आलेख आवडायचे. त्यातही वर जाणारे. त्यांनी प्रत्येक खात्याला आपला आकडा आणायला सांगितलं. भट्टीवाल्यांचा आकडा वर जात होता, गोदामाचा वर जात होता, मोजणीबाईंचा मात्र झोपलेल्या माणसासारखा आडवा होता.

"बाई, तुमचा आकडा वाढत का नाही?"

"किडेच कमी आहेत, साहेब."

"किडे कमी आहेत, की पकडणं कमी आहे?"

मोजणीबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दहा वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी पहिल्यांदा काही विचारलं, आणि विचारलं तर हे! त्या टेबलाशी येऊन बसल्या, वही उघडली आणि इरेला पेटल्या. नऊ डब्यांपैकी सहा नंबरचा डबा एका अंधाऱ्या बोळात होता. आठवड्याला जेमतेम वीस-बावीस किडे. त्यांनी तो काढायला लावला आणि दर आठवड्याला नव्या जागी लावून पाहिला. कँटीनजवळ: पंचवीस. जिन्याखाली: सोळा. शेवटी पॅकिंग हॉलमध्ये, ट्रकमध्ये माल चढवायच्या दाराशेजारी, मोठ्या खिडकीच्या बरोबर समोर.

दोनशे चौदा.

बाईंनी तीनदा मोजले. तीनदा दोनशे चौदाच भरले. मॅनेजरसाहेबांनी आलेख पाहिला, खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "याला म्हणतात काम!" त्या महिन्यात गेटवरच्या फळ्यावर 'महिन्याची मानकरी' म्हणून मोजणीबाईंचा फोटो लागला. पुढच्या महिन्यातही तोच राहिला, कारण इतका उभा आलेख दुसऱ्या कुणाला जमेना. असे अकरा महिने झाले. फोटोत त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले होते, पण त्यांनी तक्रार केली नाही. खूप आनंद झाला होता त्यांना. लाज वाटावी इतका आनंद झाला होता. रोज सकाळी गेटवर त्या चपलेचा पट्टा सारखा करायच्या निमित्ताने थांबायच्या आणि फळ्याकडे एकदा बघून आत जायच्या.

मध्ये एकदाच गडबड झाली. भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते तीन आठवडे घरी होते. नेमका तेव्हाच सहा नंबरचा आकडा कोसळला. दोनशेचे चाळीसवर आले. फळ्यावरचा फोटो काढला तर? त्या हॉलमध्ये गेल्या, खालीवर बघितलं आणि त्यांना दिसलं की भाऊजी नसल्यामुळे मोठ्या खिडकीच्या काचा कुणी पुसल्याच नव्हत्या. बोटभर धूळ. त्यांनी वहीत लिहिलं: 'सहा नंबर, संख्येत घट. समोरच्या काचा अस्वच्छ. पुसून घ्याव्यात.' का लिहिलं हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. काहीतरी लिहायला पाहिजे होतं. मॅनेजरसाहेबांनी त्याखाली 'उत्तम निरीक्षण' असा शेरा मारला, भाऊजी चौथ्या सोमवारी नव्या गुडघ्यानिशी शिडीवर चढले, काचा आरशासारख्या झाल्या आणि आकडा परत दोनशेवर गेला. सगळे खूश झाले.

आणि मग एका मंगळवारी ते पत्र आलं.

पत्र एका गिऱ्हाइकाचं होतं आणि अत्यंत सभ्य होतं. त्यात लिहिलं होतं की आपल्या बिस्किटांचा पुडा उघडला असता तिसऱ्या आणि चौथ्या बिस्किटाच्या मध्ये एक पतंग आढळला. पतंग अखंड आहे. तो आपण सोबत पाठवत आहोत. बिस्किटं नेहमीप्रमाणेच खुसखुशीत होती. खाली सही होती, आणि सहीच्या खाली, पारदर्शक चिकटपट्टीखाली, पतंग होता.

मोजणीबाईंना ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी भिंग लावलं. राखाडी पंख, दोन्हीकडे एकेक काळा ठिपका. "हा सहा नंबरचा," त्या पटकन म्हणाल्या, आपल्या गल्लीतला माणूस ओळखावा तशा. "पॅकिंग हॉलमधला. हे तिथेच येतात."

"पॅकिंग हॉल," असं म्हणत मॅनेजरसाहेबांनी लिहून घेतलं. "म्हणजे मुकादमांकडे अस्वच्छता आहे."

बोलून गेलेला शब्द परत घ्यायची सोय असती तर बाईंनी तो तिथेच गिळला असता. पण साहेबांनी शाईच्या पेनानं लिहिलं होतं. शुक्रवारी पाच वाजता चौकशी ठरली.

बुधवारी संध्याकाळी ताई बाईंच्या घरी येऊन थडकली. चप्पलसुद्धा नीट काढली नाही.

"निष्काळजीपणा म्हणे! या माणसाचा! अगं, हा माणूस घरी पाण्याचा ग्लाससुद्धा दोनदा पुसतो. पाच महिने राहिलेत निवृत्तीला आणि आता हाकलून काढणार? एकोणतीस वर्षं घालवल्यावर लोकांनी हे म्हणायचं, की किडे पडले म्हणून काढला?"

"भाऊजी काय म्हणतात?"

"काय म्हणणार! सही करतो म्हणतात. म्हटलं, का? तर म्हणे, साहेबांनी कागद टाईप करून आणलाय. म्हणजे साहेबांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून यांनी नोकरी सोडायची! वर्षभर झालं, आठची पाळी असताना हा माणूस साडेसहाला जातो. एवढा गुडघा दुखतो, तरी जातो. विचारलं तर म्हणे, जरा आवराआवर. घ्या आता आवराआवर!" आणि ताई, जी त्यांच्या आईच्या जाण्यानंतरही सगळ्यांदेखत रडली नव्हती, ती तिथे ओट्याला टेकून हमसाहमशी रडली. मोजणीबाई नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. 'हा सहा नंबरचा' हे कुणी सांगितलं ते ताईला माहीत नव्हतं, आणि बाईंच्या तोंडून ते निघेना.

ताई गेल्यावर बाईंनी सासऱ्यांना जेवायला वाढलं. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी शाळा सुटली आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. ताटावर बसूनही ते वर्गात उभे असल्यासारखे बोलत.

स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवती एक पतंग फिरत होता. बाई त्याच्याकडे असं बघत होत्या की तो जणू चौकशीचा कागद घेऊन आलाय.

"मेल्यांना काय एवढं दिव्याचं वेड असतं, कोण जाणे," त्या म्हणाल्या.

अण्णांचा घास हातातच राहिला. "वेड? कुणी सांगितलं वेड असतं?"

"सगळेच म्हणतात. मॅनेजरसाहेब म्हणतात त्यांना ऊब आवडते. ताई म्हणते त्यांना चंद्र वाटतो."

"तुझे मॅनेजर आणि तुझी ताई दोघंही नापास." अण्णांनी चमचा धुऊन पुसला आणि पालथा धरला. "हा पतंग. ही फुगीर बाजू म्हणजे पाठ. आता सांग, हवेत उडताना याला वर कुठे आणि खाली कुठे, हे कसं कळणार? आपले पाय जमिनीला लागतात. याचे?"

"नाही लागत."

"मग त्याची एकच खूण. जिकडे उजेड, तिकडे वर. आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, अगदी अंधार पडल्यावरसुद्धा. म्हणून पाठ उजेडाकडे ठेवायची, म्हणजे सरळ उडता येतं. लाखो वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग आपण मध्येच दिवा लावला." अण्णांनी चमचा दिव्याच्या बाजूला नेला आणि त्याची पाठ दिव्याकडे कलती केली. "हा आपला इथून चाललाय, दिवा बाजूला लागला. याला वाटतं, वर तिकडे आहे. पाठ तिकडे वळवतो. वळला की कलतो, कलला की वळतो. सुटतो कसला! गोल गोल फिरत बसतो. आणि दिवा खाली असला तर पार उलटा होऊन आपटतो."

"म्हणजे त्याला दिव्याकडे यायचंच नसतं?"

"त्याला दिव्याशी काडीचं देणंघेणं नाही. तो भलतीकडेच निघालेला असतो. वाटेत दिवा आला म्हणून अडकला." अण्णांनी चमचा वरणात बुडवला. "बिचारा सरळ उडायची धडपड करत असतो, आणि आपण म्हणतो वेडा आहे. आता जरा भात वाढ."

मोजणीबाईंनी भात वाढला. अण्णांच्या ताटात तो जरा जास्तच पडला, कारण त्यांचं लक्ष नव्हतं. भलतीकडेच निघालेला असतो. म्हणजे सहा नंबरच्या कागदावरचे ते दोनशे चौदा कुठे निघाले होते?

आता एक गोष्ट सांगायला हवी. मोजणीबाईंची सुट्टी पाचला व्हायची आणि दिवेलागणीच्या आत त्या घरी असायच्या. येताना-जाताना पुढचं गेट. कारखान्याच्या मागच्या आवारात अकरा वर्षांत त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. तिथे ट्रक उभे राहायचे, आणि ट्रकमधले किडे मोजायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नऊही निळे दिवे त्यांनी पाहिले होते ते फक्त आतून. आणि फक्त दिवसा.

गुरुवारी त्या पाचला घरी गेल्या नाहीत. अंधारून आलं तशा मागच्या आवारात जाऊन उभ्या राहिल्या.

समोर कारखान्याची लांबच लांब काळी भिंत होती. मागे कुंपण, आणि कुंपणापलीकडे मोकळं माळरान, गवत आणि झुडपं. एवढ्या सगळ्या काळोखात उजेडाची एकच जागा होती, आणि ती होती मोठी खिडकी. निळीशार. काच इतकी लख्ख पुसलेली होती की ती आहे हेच कळत नव्हतं. आणि त्या निळ्या चौकोनासमोर पतंगांचा ढग लोंबत होता. शेकडो. सगळ्यांच्या पाठी खिडकीकडे, सगळे कललेले, सगळे आपापली फेरी मारत होते. काही काचेवर आपटून खाली कठड्यावर पडत होते आणि उलटे होऊन पाय हलवत होते.

तेवढ्यात ट्रकनं हॉर्न दिला. खिडकीशेजारचं दार घरघरत वर गेलं, आणि ढगाचा एक भाग, कुणी पास तपासल्यासारखा रांगेत, दाराखालून आत गेला.

"यांची संध्याकाळची पाळी," मागचा वॉचमन म्हणाला. "रोजचंच आहे, बाई. गेल्या वर्षापासून."

मोजणीबाई मटकन तिथल्या खोक्यावर बसल्या. अकरा महिने त्या ज्यांना पकडत होत्या त्यांना त्यांनीच बोलावून आणलं होतं. त्यांचा तो उभा आलेख म्हणजे माळरानातल्या वाटसरूंची मोजदाद होती. आणि भाऊजी बिचारे काच पुसत होते; जितकी काच स्वच्छ तितके पतंग जास्त. तीन आठवडे ती धुळीनं माखली होती तेव्हा कारखाना सगळ्यात निर्धोक होता, आणि तेव्हाच बाईंनी लिहून दिलं होतं की काचा पुसून घ्याव्यात.

बाईंच्या मनात पहिला विचार काय आला ते लपवायला नको. त्यांना वाटलं, हे कुणालाच माहीत नाही. सोमवारी गुपचूप दिवा हलवावा, आकडा हळूहळू उतरवावा, कुणाला पत्ता लागायचा नाही. हा विचार ट्रक भरेपर्यंत टिकला. मग दार खाली आलं, खिडकीतून आतल्या निळ्या उजेडात, पाळी संपूनही थांबलेले भाऊजी फडकं घेऊन एका टेबलाखाली वाकताना दिसले, आणि बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या उठून सरळ आपल्या टेबलाकडे वही आणायला गेल्या.

शुक्रवारी पाच वाजता भाऊजी मॅनेजरसाहेबांच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसले होते. बसण्याआधी त्यांनी साहेबांच्या टेबलाचा कोपरा सवयीनं पुसला होता.

"तुमच्या हॉलमध्ये पतंग होता, हे मान्य?"

"हो."

"तो तिथे असायला नको होता, हे मान्य?"

"हो."

"मग सही करा."

"पेन द्या," भाऊजी म्हणाले.

"थांबा!" असं म्हणत मोजणीबाई दार न वाजवताच आत आल्या. त्यांच्या एका हातात वही होती. दुसऱ्या हातानं त्यांनी साहेबांच्या चहाच्या बशीतला चमचा उचलला. त्यांना वहीपासून सुरुवात करायची होती, पण घाबरलेला माणूस जे हाताला लागेल त्यापासून सुरुवात करतो.

"साहेब, हा पतंग आहे."

साहेबांनी चमच्याकडे पाहिलं. त्यांनी तो नीट पाहिला, कारण ते पद्धतशीर माणूस होते. "बरं," ते म्हणाले. "आणि मी?"

"तुम्ही आत्ता दिवा आहात."

मॅनेजरसाहेब खुर्चीत जरा ताठ बसले. बाईंनी अण्णांचा अख्खा धडा त्यांच्यासमोर चमच्यानं करून दाखवला. भाऊजी पेन हातात धरून चमच्याच्या मागे मान फिरवत होते.

"पण दिवा किडे पकडतो," साहेब म्हणाले. "तुमचाच आकडा आहे. जो पकडतो तो बोलावतो कसा?"

मग बाईंनी वही उघडली. भाऊजींच्या रजेचे तीन आठवडे, दोनशेवरून चाळीस. काचा पुसल्या, पुन्हा दोनशे. "काचेवर धूळ होती तेव्हा उजेड बाहेर जात नव्हता, साहेब. म्हणून ते आले नाहीत. आणि मी मूर्खासारखं लिहिलं की काचा पुसा."

"त्याखाली कुणीतरी 'उत्तम निरीक्षण' लिहिलंय."

"तुम्ही लिहिलंय."

साहेबांनी अक्षर ओळखलं आणि चष्मा काढून पुसला. "बाई, आलेख खोटं बोलत नाही."

"आलेख बरोबरच आहे. आपण त्याला विचारलं भलतंच. अंधार पडायला आला की माझ्याबरोबर मागे चला. नाही पटलं तर मी सही करते."

साडेसहाला तिघंही मागच्या आवारात उभे होते. साहेबांनी बराच वेळ त्या निळ्या चौकोनाकडे पाहिलं. एक राखाडी पतंग, दोन्हीकडे एकेक काळा ठिपका असलेला, त्यांच्या खिशाला लावलेल्या पेनाशेजारी येऊन बसला. साहेबांनी त्याला झटकलं नाही.

"हे सगळे आपले?" त्यांनी विचारलं.

"आपले नव्हते. हे आपल्या वाटेनं कुठेतरी चालले होते."

"आणि माझा अकरा महिन्यांचा आलेख..."

"हो, साहेब."

मग त्यांनी घडी केलेला कागद खिशातून काढला, त्याबरोबर पतंगही उडाला. "हा कागद वर पाठवायचाय. त्यात 'जबाबदार व्यक्ती' अशी एक ओळ आहे. ती रिकामी ठेवता येत नाही. दिवा असं लिहून चालणार नाही."

बाईंनी भाऊजींच्या हातातलं पेन घेतलं. भाऊजी तेव्हा कुठे बोलले, आणि त्यांच्या मानानं बरंच बोलले.

"धाकटे, असू दे ना. तुला अजून नोकरी करायची आहे. माझे पाचच महिने राहिलेत."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या, आणि वॉचमनच्या खोक्यावर कागद ठेवून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर वाईट आलं.

मोजणीबाईंना लेखी ताकीद मिळाली. नोकरी गेली नाही. कारखान्यात दुसरं कुणी किडे मोजायला तयार झालं नाही. गेटवरच्या फळ्यावरून फोटो उतरला आणि तिथे भट्टीवाल्यांच्या एकाचा लागला. त्याचे डोळे उघडे होते. सहा नंबरचा डबा परत आपल्या अंधाऱ्या बोळात गेला.

पुढच्या सोमवारी बाईंनी त्या डब्याचा कागद भिंगाखाली धरला. पंधरा माश्या, चार पतंग, एक चिलट आणि एक अर्धा, डोक्याकडचा. त्यांनी आकडा वर पाठवला. दहा मिनिटांत फोन आला.

"बाई, हे काय? एवढा कसा घसरला?" मग साहेबांना आठवलं असावं. "अच्छा. म्हणजे चांगलं आहे. पण आलेख खाली जातोय हो."

"उलटा धरा, साहेब," बाई म्हणाल्या. पलीकडून कागद फिरवल्याचा आवाज आला.

दुपारी त्या मागच्या आवारात गेल्या. भाऊजी शिडीवर चढून मोठी खिडकी बाहेरून पुसत होते. कठडा स्वच्छ होता, एकही पंख नाही. बाई खाली उभ्या राहून बघत होत्या, आणि इतके दिवस न सुचलेला प्रश्न त्यांना तेव्हा सुचला.

"भाऊजी, ही काच तर तुम्ही रोज बाहेरून पुसायचात. तुम्हाला पतंग दिसले नाहीत?"

"दिसायचे की. सकाळी कठड्यावर केरभरणीभर पडलेले असायचे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? दिव्याचं?"

"दिवा इथे आला आणि हे आले. त्यात काय कळायचंय!"

"मग बोलला का नाहीत? एक शब्द?"

भाऊजींनी फडक्याची घडी घातली, कोरडी बाजू वर केली आणि काचेचा कोपरा पुसला.

"तुझा फोटो लागला होता ना गेटवर," ते म्हणाले. "तू रोज थांबून बघायचीस. मग मी साडेसहाला यायचो. तुम्ही सगळे यायच्या आत कठडा झाडून घ्यायचो, आणि आत आलेले असतील तेवढे वेचायचो. टेबलाखालचे, सरकत्या पट्ट्यावरचे. तसे सगळे सापडायचे." त्यांनी तोच कोपरा पुन्हा एकदा पुसला. "एक राहिला."

शिडी जुनी होती आणि त्यांचा गुडघा अजून पुरता बरा नव्हता. मोजणीबाईंनी पुढे होऊन दोन्ही हातांनी शिडी धरली, आणि खिडकी पुसून होईपर्यंत धरून ठेवली.